आईच्या करंज्या

कुंभिवलीच्या हायवेवरच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कॉम्प्रेसरच्या वर भिंतीवर त्यानं खडूनं लहानसा क्रूस काढला होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधताना तो स्वतःचाच श्वास रोखून धरायचा.

मागच्या दिवाळीत नेरळहून, आईकडून परतताना गाडी पंक्चर झाली. त्याचं काम उरकल्यावर मी आईनं दिलेला करंज्यांचा डबा त्याच्यापुढे केला. "घ्या तुम्ही. आई उगाच भरून देते."

त्यानं हात पुसले, पण डब्याला लावले नाहीत.

"मी येशूकडं आलो, तवा आय दर दिवाळीला देवाला दाखवलेल्या करंज्या धाडायची. मी परत पाठवायचो. चर्चच्या पाळकांनी नव्हतं सांगितलं, माजाच ताठा. आयबापाचा मान राख, ही देवाची आज्ञा रोज वाचत होतो, साहेब. तिसऱ्या वर्साला डबा आला नाय. आयच गेली."

"मग आता?"

"रोज माफी मागतो. देवानं केली आसंल. वर आय भेटणार, येवढा इश्वास हाय. भेटली की पयलं खायाला मागीन."

डोळे मिटून त्यानं प्रार्थना केली आणि एक करंजी उभ्यानंच, सावकाश खाल्ली. "बाकीच्या तुमी खावा."

"माझं पोट भरलंय," म्हणत मी डबा तिथेच ठेवून निघालो.

आई या उन्हाळ्यात गेली. त्याच्यासारखा विश्वास माझ्यापाशी नाही. मी कुठे जाऊन मागू?