मी मायला कामवाली केलं

“बघून वाटत नाही हं, तुम्ही त्यातल्या आहात असं.”

माझा जातीचा दाखला हातात धरून शाळेत प्रवेशाचं बघणाऱ्या मॅडम हसत बोलल्या. मी काय करायला हवं होतं? मी लाजले. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं शिकले, बोलणं सुधारलं, साडी नेसायची तऱ्हा बदलली, ते हेच वाक्य ऐकण्यासाठी की काय, असं आज वाटतं.

हर्सूलकडची मोठी इंग्रजी शाळा. आरटीईच्या मोफत जागांच्या सोडतीत माझ्या मुलीचा, तनूचा, पहिलीसाठी नंबर लागला होता. पडताळणी समितीनं कागद तपासून शिक्का दिला होता. आता फक्त शाळेत जाऊन प्रवेश नक्की करायचा. पण शाळेचा निरोप आला, मुलीला घेऊन या, थोडं बोलू. म्हणजे मुलाखत. सोडतीत नंबर लागलेल्या लेकराची मुलाखत घेता येत नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी ई-सेवा केंद्रात काम करते. वस्तीतल्या लोकांचे हेच फॉर्म भरते, त्यांना हेच बजावून सांगते. स्वतःची पाळी आली तेव्हा मुकाट्यानं जाऊन बसले. हाती आलेली जागा जाऊ नये म्हणून.

सोबत माय होती. मी कामावर असते, म्हणून पैठणजवळचं गाव सोडून ती तनूला सांभाळायला आमच्याकडं राहायची. पूर्वी गावच्या शाळेत ती दुपारची खिचडी शिजवायची. मी त्याच शाळेत शिकत होते. काही घरची पोरं तिच्या हातचं खायची नाहीत. ताट तसंच पुढं सरकवायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चूल पेटवायची. त्या चुलीवर मी पदवीधर झाले.

मॅडमनी तनूला विचारलं, “इथं यायला आवडेल ना बेटा?”

“व्हय,” तनू म्हणाली. “लई आवडंन.”

मॅडमच्या भुवया वर गेल्या. “व्हय? घरी कोण बोलतं असं?”

मी टेबलाखालून तनूला चिमटा काढला. तोंडातून निघून गेलं, “कामाला मावशी आहेत ना, त्यांचं ऐकून.”

मॅडमनी मायकडं बघितलं. “ह्याच का?”

“हो.”

एक अक्षर.

“आजीय ती,” तनू म्हणाली.

मॅडम हसल्या. माय माझ्याकडं बघतच नव्हती. “लाडानं म्हणतंय लेकरू,” ती मॅडमना म्हणाली. मग खुर्चीवरून उठली. इथं बसायलाच नको होतं, अशा घाईनं. पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळली.

“ताई, मी भायेर थांबते.”

ताई. माझ्या मायनं मला ताई म्हटलं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

“मावशींना सांगा, मुलीशी जरा कमी बोलत जा,” मॅडम म्हणाल्या. “आणि दहा मिनिटांनी या, फॉर्म देते.”

मी म्हणाले, “हो मॅडम. थँक यू.”

थँक यूसुद्धा म्हणाले.

माय फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. तनूनं विचारलं, “आजी, तू आईला ताई का म्हणलीस?”

“तुला साळा भेटाया पायजे ना.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला पैठणच्या गाडीत बसवून दे. माझ्यापायी पोरीची भाषा बिघडायली.”

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तरी. तिनं मला समजून घेतलं, तेच सहन होईना. ताट सरकवणारी ती पोरं आणि मी, फरक काय राहिला? मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

मी तनूला तिच्याजवळ ठेवलं आणि एकटी आत गेले.

“मॅडम, त्या माझ्या आई आहेत. मी खोटं बोलले.”

“अहो, मग त्यात काय एवढं! आधी सांगायचं ना.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या भल्यासाठी सांगते. इथली मुलं वेगळ्या घरांतली असतात. तुमची मुलगी रमायची नाही. दुसरी शाळा बघा ना एखादी.”

“लेखी द्या.”

“काय?”

“प्रवेश देत नाही आणि का देत नाही, ते लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी.”

मॅडम बराच वेळ माझेच कागद उलटसुलट करत बसल्या. मग त्यांनी कारकुनाला फॉर्म आणायला सांगितलं. त्यात मुलीला शाळेतून नेणाऱ्या व्यक्तीचा रकाना होता. मी मायचं पूर्ण नाव लिहिलं. नातं, आजी.

प्रवेश झाला. माय त्याच दिवशी पैठणला गेली. मी अडवलं, ती थांबली नाही. आता फोनवर तनूशी भरभरून बोलते, माझ्याशी कामापुरतं. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. ते विचारायचं तोंड मला नाही.

आता केंद्रात कुणी येऊन सांगितलं की शाळेनं लेकराला बोलायला बोलावलंय, तर नुसता नियम सांगून मी त्यांना धाडत नाही. सुट्टी टाकते, सोबत जाते. जिथं मी झुकले, तिथं दुसऱ्या कुणाला एकटं बसू देणार नाही. आणि तनूच्या शाळेत मी कुठली, कोणाची, हे कुणी विचारायच्या आत मीच सांगणार आहे, मायच्या नावासकट. त्यानंतर कुणी माझ्या मुलीला वेगळ्या बाकावर बसवलं, तर त्या वर्गाच्या दारात मी रोज जाऊन उभी राहीन. दुसरी शाळा बघणार नाही.