मयताच्या जेवणाची बिअर

गुरो आमच्या दरीत नांदायला आली ती समुद्रकाठच्या एका कोळ्याच्या घरातून. साल एकोणीसशे एक्कावन्न. तिला जाळं विणता येई, वादळात होडी काठाला लावता येई. बिअर मात्र तिने तोवर दुकानातल्या बाटलीतलीच पाहिली होती, आणि तीही तिला फारशी आवडली नव्हती. अशी मुलगी येऊन पडली ती नेमकी ब्रिन्युल्फच्या घरात.

ब्रिन्युल्फ म्हणजे तिचा सासरा. नाताळाला, लग्नाला, मयताला आमच्या दरीत सगळेच घरी बिअर करत. पण त्याच्यासारखी काळी आणि जोरकस बिअर कुणालाच जमत नसे. बाकीचे जवाचा रस दोन तास उकळून हंडा उतरवत. तो पाच तास आच सोडायचा नाही. दीडशे लिटर रस आटून ऐंशीवर यायचा आणि रंग जुन्या खोगिरासारखा व्हायचा. दोन वाडगे घेतले की अबोल माणसंही आपल्या भावांशी बोलायला लागत.

घरापासून वेगळ्या बांधलेल्या चुलघरातलं हे काम पुरुषांचं. बायकांनी ओढ्यावरून पाणी आणायचं, लाकडं आणायची आणि दारातून मागे फिरायचं. गुरोने हे सतरा वर्षं केलं. तिचा नवरा अनफिन सुतारकामात वाघ होता, पण हंड्यापुढे बसायचा धीर त्याच्यात नव्हता. बाप थकल्यावर दोनदा त्याने बिअर केली. दोन्ही वेळा ती फिकी झाली आणि लोकांनी तिचं नाव ‘अनफिनचा चहा’ ठेवलं. तोही हसला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

मी शेजारच्या शेतावरची, टोर्गाइरची मुलगी. माझे वडील स्वतःला ब्रिन्युल्फच्या खालोखाल समजत. ब्रिन्युल्फ समोर नसला तर त्याच्याही वर.

अडुसष्टच्या सप्टेंबरात ब्रिन्युल्फचे पाय गेले. त्याचा पलंग बैठकीच्या खोलीत, शेगडीजवळ आणला. डॉक्टर अनफिनला बाहेर नेऊन हळूच म्हणाले, की नाताळापर्यंत काढतील असं वाटत नाही. भिंत पातळ होती, म्हाताऱ्याने सगळं ऐकलं. त्याने पहिली गोष्ट विचारली ती हीच, की माझ्या मयताची बिअर कोण करणार?

अनफिन म्हणाला, शहरातून पेट्या मागवू. म्हातारा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. मग माझे वडील टोपी हातात घेऊन गेले आणि बिअर मी करतो म्हणाले. ब्रिन्युल्फने त्यांचे आभार मानले आणि सांगितलं, की टोर्गाइर, तुझी बिअर मी जिवंतपणी प्यायलो ते पुरे झालं.

मी तेव्हा त्यांच्या घरी लोकर पिंजायला जायची, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलं. त्याने गुरोला हाक मारली.

“पोरी, सतरा वर्षं तू माझं पाणी वाहिलंस. डोळे मिटून वाहिलंस का?”

“नाही, बाबा.”

“मग सांग, हंडा कधी उतरवायचा?”

गुरोने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, “घड्याळ बघून नाही. पळी उचलली की रस आधी टपटप पडतो. तो थेंब सोडून पळीच्या काठाला ओघळ धरायला लागला, की तेव्हा. आणि फेसाला भाजलेल्या ब्रेडचा वास यायला हवा, जळक्याचा नाही.”

म्हातारा अनफिनला म्हणाला, “चुलघराची किल्ली हिला दे.”

दरीत बोलणं सुरू झालं. कोळ्याची मुलगी बिअर करणार, पिंपात मासे पोहतील, असं दुकानात कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांत माझे वडील होते.

गुरोने कुणाकडे लक्ष दिलं नाही. आपल्याच शेतातले जव पोत्यात भरून तिने तीन दिवस ओढ्यात बुडवून ठेवले, मग माळ्यावर पसरून मोड आणले. मोड एकमेकांत गुंतू नयेत म्हणून दिवसातून चारदा गुडघ्यांवर बसून ती ते हाताने परतायची. मग मंद धगीवर वाळवले. रोज संध्याकाळी ती मूठभर दाणे सासऱ्याच्या तळहातावर ठेवी. तो एखादा दाणा दाताखाली फोडून मान हलवायचा, हो किंवा नाही. तीन संध्याकाळी ‘नाही’ आली. चौथ्या दिवशी ‘हो’.

बिअर करायच्या आदल्या दिवशी तिने विरजण, म्हणजे बिअर आंबवणारं घरचं यीस्ट, काढलं. त्या घरात ते एका तागाच्या फडक्यावर वाळवून पेटीत ठेवत. पणजोबांच्या काळापासून एकातून दुसऱ्या पिंपात गेलेलं. पण अनफिनच्या चहानंतर दोन वर्षं त्या फडक्याला कुणी हात लावला नव्हता. गुरोने एका बरणीत कोमट गोड रस घेतला, त्यात फडक्यावरचा चुरा खरवडला आणि वाट पाहिली. सकाळची दुपार झाली तरी एक बुडबुडा येईना.

विरजण मेलं तर शेजाऱ्याकडे मागायचं, आणि शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. गुरो आमच्याकडे आली. वडिलांचा चेहरा लाल झाला. तळघरात जाऊन त्यांनी एक भांडं आणलं. गुरोने झाकण काढून वास घेतला.

“टोर्गाइर, हे पावाचं यीस्ट आहे.”

वडील म्हणाले, “हो.” त्यांचं स्वतःचं विरजण नऊ वर्षांपूर्वी नासलं होतं. तेव्हापासून ते दुकानातलं वापरत होते आणि घराण्याच्या विरजणाच्या गप्पा मारत होते. हे आईलाही माहीत नव्हतं. गुरोने झाकण लावलं, भांडं त्यांच्या हातात दिलं आणि निघाली. दुकानात जाऊन एक वाक्य बोलली असती तर आमच्या घराचं वर्षभर हसं झालं असतं. ती कुणालाच काही बोलली नाही.

घरी जाऊन तिने सासऱ्याला सांगितलं, की विरजण गेलं. त्याने बरणी मागितली, कानाशी धरली आणि तशीच पांघरुणाखाली पोटाशी घेतली.

“मेलेलं नाही, गारठलंय. याला अंगाची ऊब लागते. मला ताप आहेच, तो फुकट कशाला घालवायचा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा गुरो पांघरुणाची किनार उचलत होती. बरणीतून फेस वर येऊन म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर सांडला होता. खोलीभर संत्र्याच्या सालीसारखा वास होता. सदरा बदलू द्यायला तो तयार नव्हता.

त्याच दिवशी तिने चूल पेटवली. पिंपाच्या तळाशी जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्या अंथरून त्यावर भरडलेले जव घातले, जुनिपरचंच गरम पाणी वरून ओतलं आणि खालून रस काढला. कडवटपणासाठी हॉपची फुलं फडक्यात बांधून हंड्यात सोडली. चार तास झाले, पाच झाले. अनफिन दोनदा डोकावला आणि पुरे का म्हणाला. दुसऱ्या वेळी तिने त्याला लाकडं आणायला पाठवलं. पावणेसहा तासांनी तिने हंडा उतरवला.

रस कोमट झाल्यावर विरजण ओतायचं, आणि ओतताना मोठ्याने आरोळी द्यायची. जितकी आरोळी जोराची तितकी बिअर जोराची, असं आम्ही मानतो. गुरो इतकी हळू बोलणारी, की चर्चमध्ये तिचं गाणं शेजारणीलाही ऐकू येत नसे. त्या संध्याकाळी तिने दिलेली आरोळी दोन शेतं ओलांडून आमच्या गोठ्यात आली आणि दूध काढणाऱ्या आईचा हात थांबला. समुद्रावर एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारतात तशी ती होती. ब्रिन्युल्फ पलंगावर पोट धरून हसत होता.

दोन दिवसांनी पिंप उघडलं. अशा वेळी शेजाऱ्यांनी चाखायला जायचंच असतं; चौदाजण जमले. पहिला वाडगा ब्रिन्युल्फला. त्याने उजेडासमोर धरला, उजेड आरपार आला नाही. एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

“कडवटपणा माझ्यापेक्षा थोडा जास्त आहे,” तो म्हणाला. आणखी एक मोठा घोट घेतला. “माझाच कमी पडत असणार.”

एवढं बोलून त्याने वाडगा पुन्हा पुढे केला. गुरो तो भरायला वळली, पण तिला पिंपाची तोटी लवकर सापडेना.

मग माझे वडील उठले. त्यांचा वाडगा रिकामा होता. टोपी काढून सगळ्यांसमोर ते म्हणाले, की माझं विरजण नऊ वर्षांपूर्वी मेलं, मी पावाचं यीस्ट वापरतो. “गुरो, या पिंपातलं थोडं मला देशील का?” मासे पोहतील म्हणणारा माणूसही तिथेच बसला होता, तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. गुरोने पिंपावरचा दाट फेस एका बरणीत काढून वडिलांना दिला. मी त्यांना आयुष्यात इतकं ताठ चालत घरी येताना पाहिलेलं नाही.

ब्रिन्युल्फ नाताळाला मेला नाही. मेलो नाही म्हणून बिअर नासवायची का, असं म्हणून त्याने आपल्या मयताचं पिंप नाताळातच संपवायला लावलं. ईस्टरच्या आधी गुरोने दुसरी बिअर केली, आणि त्याच्या मयताची बिअर शेवटी हीच ठरली. मे महिन्यात, डोंगरावरचा बर्फ उतरत असताना, तो गेला.

मयताच्या जेवणाला पाद्रीबाबांनी विचारलं, की ही बिअर कुणाची? कुणीही ‘घरची’ म्हटलं असतं तर चाललं असतं. अनफिन उभा राहिला. “माझ्या बायकोची,” तो म्हणाला, “आणि चहा हवा असेल तर तो मी करतो.” मयताच्या घरात इतकं हसू मी ऐकलं नव्हतं, आणि हसता हसता अनफिन रडलाही.

त्यानंतर गुरोने एकतीस वर्षं बिअर केली. तिचं विरजण आज आमच्या दरीतल्या एकवीस घरांत आहे, त्यांतल्या नऊ घरांत हंड्यापुढे बाई बसते. गुरो आता सत्त्याण्णव वर्षांची आहे. हंडा उचलत नाही, पण कुणाच्या चुलघरातून धूर दिसला की काठी घेऊन तिथे पोचते आणि पळी मागते. आमच्याकडे बिअर शेताच्या नावाने ओळखतात: अमक्या शेताची, तमक्या शेताची. माणसाच्या नावाने ओळखली जाणारी बिअर एकच आहे. परवा माझ्या नातीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाकडच्या मंडळींनी तारखेच्याही आधी विचारलं, “गुरोची असेल ना?”