बाबांच्या स्टेटसवरचं कुलूप

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या घरात धड चालणारा एकच फोन होता, तो बाबांचा. आईकडे बटणांचा होता, त्याचं काम मामाचा आवाज ऐकवण्यापुरतं. मुली मोबाइलनं बिघडल्या म्हणून व्याख्यानं झोडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आमच्यातल्या बहुतेकींकडे मोबाइल नव्हताच. बापाचा होता, आणि त्यात एका कोपऱ्यात आम्ही राहत होतो, भाडेकरूसारख्या.

माझा कोपरा असा होता. वर्गातल्या मुलींचा एक ग्रुप होता, त्याचं नाव 'गणित सराव'. गणितातलं त्यात काहीही नव्हतं. कोणाच्या बापानं चुकून उघडलाच तर नाव पाहून त्यानं मान डोलवावी, एवढ्यासाठी ते नाव. इन्स्टावर माझं खातं होतं, त्यात माझा चेहरा नव्हता. मेंदीचे हात, बसच्या खिडकीतून पळणारी कपाशी आणि वर कोणाचं तरी गाणं. संध्याकाळी बाबा जेवायला बसले की तेवढा वेळ फोन माझा. पुसायचं ते पुसायचं, ठेवायचं ते ठेवायचं आणि बाबा हात धुवून येईस्तोवर फोन चार्जिंगला लावून मोकळं व्हायचं. चोरी कशाचीच नव्हती. वागणं मात्र चोराचं, आणि ते आम्हाला कोणी शिकवलं याचं उत्तर मी अजून मागते आहे.

बाबांचं तळेगावात बारदान्याचं दुकान. पोती, सुतळी, ताडपत्री. सोयाबीन निघालं की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक टिकून राहावं म्हणून बाबांनी एक रीत पाडली होती. सकाळी आर्वीच्या बाजारातल्या ओळखीच्या अडत्याला फोन करायचा, कापूस-सोयाबीनचा भाव विचारायचा आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकायचा. आसपासच्या गावांतले लोक चहाच्या आधी बाबांचं स्टेटस पाहायचे. एखाद्या दिवशी भाव चुकला तर बाबा वर 'दुरुस्ती' असं लिहून बरोबर भाव टाकायला लावत. टाकायला लावत म्हणजे मला. बाबा फोन हातभर लांब धरून वाचू शकत, पण लिहिणं त्यांच्या बोटांना जमत नसे. झेंडूच्या चित्रावर आकडे लिहायचे, ते चित्र स्टेटसला चढवायचं, फोन गल्ल्यावर ठेवायचा आणि आर्वीची बस गाठायची, ही माझी रोजची सकाळ.

शाळा आर्वीला होती. त्या शाळेबद्दल लिहायचं तर एका कुलपाबद्दल लिहावं लागतं.

मुलींच्या बाथरूमला कुलूप असायचं. चावी मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाच्या खणात. मुली घाण करतात, भिंतीवर लिहितात, नळाची तोटी कोणीतरी नेली, म्हणून कुलूप. मुलांकडची तोटी त्याच्याही आधी गेली होती, तिकडं कोणी कुलूप लावलं नाही. जिला जायचं तिनं खोलीत जाऊन सरांपुढं उभं राहायचं. तिथं दोन-तीन मास्तर चहा पीत बसलेले असायचे. सर विचारायचे, मधल्या सुट्टीत का नाही गेलीस? उत्तर द्यायचं, मग चावी मिळायची. सर खडूस नव्हते, अंगावर ओरडत नव्हते. तसे असते तर सोपं झालं असतं. त्यांना खरोखरच वाटायचं की ही शिस्त आहे.

म्हणून आम्ही पाणी पीत नव्हतो. सकाळच्या बसपासून संध्याकाळच्या बसपर्यंत. बाटल्या भरून नेत होतो आणि भरलेल्याच परत आणत होतो.

मग आमच्या वर्गातल्या एका मुलीला शाळेतच पाळी आली. चावी मागायला तिचं धाडस झालं नाही. ती बाकावर बसून राहिली. इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर बोलावलं, ती उठली नाही. उद्धट म्हणून भर वर्गात बोलणी खाल्ली, तरी उठली नाही. सगळी मुलं गेल्यावर आम्ही तिच्या कमरेला माझी ओढणी बांधली आणि बाकडं पुसून काढलं. ती रडलीसुद्धा नाही. 'चला वो, बस जाईन,' एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं दप्तरात लपवून तिच्या भावाचा फोन आणला. व्हिडिओ तिनं काढला आणि बोलले मी. कुलूप हलवून दाखवलं, चावी कुठं असते, मागायला गेलं की काय विचारतात, मुली पाणी का पीत नाहीत, सगळं सांगितलं. चेहरा नव्हता, पण आवाज माझाच. व्हिडिओ 'गणित सराव'वर आला. मुलींनी तो पाहिला, हसल्या, रागावल्या. पुढं काय करायचं ते ठरलं नव्हतं. संध्याकाळी मी तो बाबांच्या फोनात जपून ठेवला.

सकाळी अडत्याला फोन उशिरा लागला. मी घाईघाईनं झेंडूवर भाव लिहिला. बसवाला हॉर्न देत होता. स्टेटसला गेले, गॅलरीतलं पहिलं चित्र दाबलं, हिरवा बाण दाबला आणि पळाले. पहिलं चित्र म्हणजे झेंडूच असणार, असं मी धरून चालले होते. घाईत झेंडू साठवायचा राहिला होता. पहिलं होतं ते कुलूप, आमचा व्हिडिओ.

मग दुकानात जे झालं ते मला संध्याकाळी कळलं. सकाळपासून गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारत होतं, 'काय सेठ, आज भाव नाई, कुलूपच दाखवून राह्यले. दुकान बंद करता काय?' बाबांना आधी वाटलं फोनच बिघडला. मग त्यांनी तो कानाशी धरून ऐकला आणि त्यात त्यांची पोरगी बोलत होती. त्यांना ते काढून टाकायचं होतं, पण काढता येईना. काढून देणारी एकटी मी, आणि मी शाळेत. शेजारच्या दुकानदाराकडं फोन द्यायची त्यांना लाज वाटली. दिवसभर ते स्टेटस तसंच राहिलं.

मुख्याध्यापकांचं शेत तळेगावाकडंच. त्यांचं सोयाबीन भाव वाढायची वाट पाहत घरी पडून होतं. तेही बाबांचं स्टेटस रोज पाहायचे.

मधल्या सुट्टीत मला बोलावणं आलं. सरांनी टेबलावर फोन ठेवून मला माझाच आवाज ऐकवला, शेवटपर्यंत. मास्तर चहा प्यायचे थांबले. व्हिडिओ कोणी काढला, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं नाही. मग त्यांनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की हा व्हिडिओ खोटा आहे, आणि वडिलांच्या स्टेटसवर तसं लिहून टाकायचं. हे जमत नसेल तर सोमवारीच टीसी घेऊन जायचं.

टीसी म्हणजे घर. वर्षाच्या मध्यात दुसरीकडं कोणी घेणार नव्हतं, आणि आमच्या घरात बसलेल्या मुलीचं काय होतं ते मी चुलतबहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. शिलाई मशीन येतं, मग पाहुणे येतात. मला शिकायचं होतं. कशासाठी ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण घरी बसायचं नव्हतं हे पक्कं माहीत होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा दुकान लवकर बंद करून ओट्यावर बसले होते. ओरडले नाहीत. सरांनी त्यांनाही फोन केला होता. मी आधी स्टेटस पुसलं. त्यांनी फोन माझ्या हातातच राहू दिला आणि म्हणाले, "आता दुरुस्ती टाक. लिह्य, सकाळचा व्हिडिओ खोटा हाय."

मी म्हटलं, खोटा नाही.

"मले मालूम हाय थे. तरी लिह्य. शाळा राह्यते तुही."

आता मी मुलींच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते; हे त्यातल्या कोणत्याच पत्रकात लिहिलं नाही, पण लिहायला हवं. माझ्या बापाला खोटं लिहायचं होतं आणि लिहिता येत नव्हतं. ते मला माझ्याच बोटांनी लिहावं लागणार होतं. मी 'दुरुस्ती' हा शब्द लिहिला. रोजच्या सवयीनं तो पटकन लिहून झाला. पुढं बोट चालेना. बाबा वाट पाहत होते. रागापेक्षा मला तेव्हा झोप येत होती. खोटं लिहून टाकावं, शाळा राहील, सगळे गप्प होतील आणि मला आडवं होता येईल, असंच वाटत होतं.

आई दारात उभी होती. बाबा बोलत असताना ती मध्ये बोलत नसे.

"लिहू नको," ती मला म्हणाली.

बाबांनी मान वळवली. "काऊन?"

"मीबी दहावीपर्यंत त्याच शाळेत होती. म्याबी नाई पेलं पाणी."

माझी भरलेली बाटली रोज परत यायची आणि ही एका शब्दानं विचारायची नाही, याचं कारण मला तेव्हा कळलं. तिला विचारायची गरजच नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढी वर्षं तेच चालू होतं.

"मले कधी सांगतलं नाई तू," बाबा म्हणाले.

"तुमाले काय सांगू? काय केलं असतं तुमी?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, 'दुरुस्ती' या शब्दाकडं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. सोमवारी मी येतो."

सोमवारपर्यंत 'गणित सराव' रिकामा झाला. एकेका मुलीच्या बापाला शाळेतून फोन गेला होता. ग्रुप सोडताना कोणी काही लिहिलं नाही. व्हिडिओ काढणारी मैत्रीण बसमध्ये माझ्या शेजारी बसायची, शनिवारी ती पुढं जाऊन बसली. तिचं नाव मी सांगितलं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरीही. मी तिला दोष देत नाही. तिला तिचा बाप होता.

ऐन हंगामात दुकान बंद ठेवून बाबांनी मला स्कूटरवर बसवून आर्वीला नेलं. प्रार्थना चालू असतानाच आम्ही सरांच्या खोलीत गेलो. सर म्हणाले, बसा सेठजी. बाबा बसले, मी उभी. शाळेची बदनामी, संस्थेचं नाव, आजकालची मुलं, सर बरंच बोलले. बाबांनी ऐकून घेतलं.

"सर, भाव चुकला तं मी दुरुस्ती टाकतो," बाबा म्हणाले. "आजवर टाकत आलो. याच्यात चुकलं काय तेवढं सांगा, तेवढी दुरुस्ती टाकतो."

सरांनी खणाकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, झालं, आता सगळं बदलेल. मी सोळा-सतरा वर्षांची होते. तसं काही होत नसतं. सर म्हणाले, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, पद्धतीचा आहे, आणि मग म्हणाले, टीसी घेऊन जा. बाबांचा चेहरा उतरला. त्यानंतर ते जे करायला लागले ते मी दुकानात हजारदा पाहिलं होतं. ते सौदा करायला लागले. थोडं तुम्ही सोडा, थोडं मी सोडतो. प्रार्थनेला पोरगी खोटं म्हणणार नाही, पण खरं आहे असंही बारावी होईपर्यंत कुठं बोलणार नाही. सरांनी चावी खणातून काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावायची. कोणी विचारायचं नाही, पोरीनं यायचं, घ्यायची, जायचं. सरांनी मान डोलवली.

"ठरलं," बाबा म्हणाले.

माझ्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. पोतं विकताना पोत्याला कोणी विचारत नाही. माझं तोंड दीड वर्षासाठी बांधून झालं होतं आणि ते बांधणारा माणूस माझ्या बाजूनं होता. मी तो करार पाळला. बारावी झाले. लोक म्हणतात ही पोरगी फार बोलते. त्यांनी ते दीड वर्ष पाहिलं नाही.

त्या दिवशी बाबांनी मला वर्गात पाठवलं नाही. उद्यापासून जा म्हणाले. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात थांबले आणि न विचारता दोघांसाठी आलूबोंडा-रस्सा मागवला. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं, पण भूक लागली होती. मी खाल्लं. बाबांनी त्यांच्यातला अर्धा माझ्या प्लेटमध्ये सरकवला आणि विचारलं, "चावीचा खिया कोन्या भिंतीले हाय?"

म्हटलं, सरांच्या पाठीमागच्या.

"मंग पोरींले मास्तरायच्या समोरूनच जा लागीन."

"हो."

बाबांनी उरलेला रस्सा संपवला. बसा येत होत्या, जात होत्या. "सौद्यात एवढंच सुटलं आज," ते म्हणाले, आणि पैसे द्यायला उठले.