ताईंनी आणलेले हातमोजे

वॉचमनकाकांनी गेटवरच सांगितलं, "ताई गेल्या गं. छातीत दुखायला लागलं म्हणून भाच्याने नेलं होतं..." मी पिशवी हातात धरून तशीच वर गेले. दाराला कुलूप होतं. कान लावला तर आतून भुरी ओरडत होती, ताईंची मांजर. ताई गेल्या हे मला तेव्हा खरं वाटलं. ताई घरात असताना भुरी अशी कधी ओरडली नव्हती.

ताई पोस्टात होत्या, लग्न केलं नाही. मी सुरगाण्याकडची, चौथी शिकलेली. त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले आणि तिथलीच झाले. मी कमी बोलते. ताईंना ते चालायचं, माझ्या वाटणीचंही त्या भुरीशी बोलून घ्यायच्या. गेल्या वर्षी भुरी खाईना, खाल्लं की ओकायची, पाठीचं हाड वर आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची. पोट उघडून आतड्याचा तेवढा तुकडा काढला आणि दोन्ही टोकं शिवली. मला वाटलं, सुटलो. पण पुढे केमोच्या गोळ्या होत्या, ठरलेल्या दिवशी, न चुकता. ताईंचे हात थरथरायचे, भुरी त्यांना चावायची. "सुमन, तूच दे," म्हणाल्या. माझ्या हातून ती घ्यायची, आणि तिथेच मी अडकले. भावाच्या मुलीचं लग्न होतं, जीप ठरली होती, नेमका गोळीचा दिवस मधे आला. ताई जाऊ नको म्हणाल्या नाहीत, नुसत्या खिडकीकडे बघत राहिल्या. भुरी बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना जाळ्या होत्या. मी गेले नाही.

त्याच सुमारास ताईंनी हातमोज्यांचा डबा आणला. "गोळी देताना आणि तिची घाण काढताना हे घालायचे." मला ते लागलं. ज्या हाताच्या पोळ्या चालतात, तो हात मांजराला चालेना? लांबून ओंजळीत पाणी ओतणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तरी घालत राहिले. एक दिवस हातमोजे काढून ओट्यावर ठेवले. "ताई, माझ्या हाताचा विटाळ होतो का?"

"अगं वेडे, ती गोळी विषासारखी असते. भुरीच्या गाठीचं उरलंसुरलं मारते, तुझ्या हाताला लागायला नको. हे भुरीसाठी नाहीत, तुझ्यासाठी आणलेत!"

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तू विचारलंस कधी? भुरीचं तोंड एक वेळ उघडेल, तुझं नाही!"

मग दोघी हसलो. तेव्हापासून गोळीच्या वेळी त्या "उघड गं, तोंड उघड" म्हणायच्या, आणि बघायच्या माझ्याकडे...

ताई गेल्या त्या दिवशी खाली त्यांचा भाचा माणसांत उभा होता. कुणाला तरी सांगत होता, आता दहावं-तेरावं झाल्यावरच फ्लॅट उघडू. मी जिन्याशी उभी. वर भुरी कोंडलेली होती. आणि गोळीचा दिवस तोच होता.

"दादा, भुरी आत आहे."

"बघू हो मावशी नंतर."

"नंतर नाय. तिची गोळी आज आहे. चावी द्या."

सगळे वळून बघायला लागले. त्याने चावी काढली. "घेऊनच जा मग तिला."

आता ती माझ्याकडे आहे, तिच्या गोळ्या आणि हातमोज्यांचा डबाही. माझी खोली एवढीशी. दार उघडं ठेवलं तर ती जाईल, म्हणून सारखं बंद. ती दाराकडे तोंड करून बसते, मीही. डॉक्टर म्हणतात, वजन भरतंय, पण गाठ परत येऊ शकते. गावी अजून जाणं झालं नाही. ताईंवर कधी रागही येतो, मग डबा दिसतो.

गोळीच्या दिवशी त्यातले हातमोजे घालते. भुरी दात घट्ट मिटून घेते. "उघड गं, तोंड उघड," मी म्हणते. ती उघडत नाही, तोवर माझंच तोंड उघडलेलं असतं.