बाबांची चार मिनिटं

माझ्या बापाला मी चार मिनिटं आधी जाळलं.

वाचून कसंतरीच वाटलं ना? मला वर्षभर वाटतंय.

बाबा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट होते. रिटायर झाले तरी मोजायची खोड काही गेली नाही.
मी एका पंचांगाच्या अॅपसाठी टेस्टिंग करते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बरोबर दाखवतंय का, ते बघायचं.

ते बाबांनीच जास्त मनावर घेतलं. दर रविवारी बस पकडून उत्तनच्या किनाऱ्यावर. हातात घड्याळ, खिशात वही. आभाळ मळकट असलं की नोंद नाही, वडापाव खाऊन परत.

एका रविवारी चप्पल न काढताच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अनू, तुझं अॅप सूर्याला चार मिनिटं आधीच बुडवतंय."

"बाबा, अजून दोन अॅपशी टॅली केलंय. सेम येतंय."

"कॉपी करणाऱ्या पोरांची उत्तरंपण सेमच येतात."

बरोबर होतं त्यांचं. आमचा कोड सूर्याचा मध्य क्षितिजाला टेकला की सूर्यास्त झाला म्हणायचा. वरची कड बुडायला अजून वेळ असतो, आणि हवेमुळे सूर्य आपल्याला असतो त्याहून जरा वर दिसतो. मिळून चारेक मिनिटं.

मी तक्रार नोंदवली. मॅनेजर म्हणाला, "चार मिनट में किसका क्या बिगड़ता है?"
मी गुपचूप बंद केली.
बाबांना सांगितलं, दुरुस्त करतोय. चक्क थाप मारली.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, सकाळचा चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दादा कोल्हापूरहून निघाला. "मी येईपर्यंत थांबा. मला त्यांना बघायचंय," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी आम्ही स्मशानात, दादा जवळच काशीमीऱ्याला ट्रकांच्या मागे अडकलेला.

बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत अग्नी द्यायला हवा. किती वाजताचा आहे?"

कोणीतरी मोबाइल बघून म्हणालं, पाच अठ्ठावन्न.
माझंच अॅप.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुझंच आहे ना? मग बरोबरच असणार."

मला माहीत होतं. अजून चार मिनिटं आहेत, एवढंच बोलायचं होतं.
पण मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की चूक माहीत असून मी दाबली.
मी पुढे झाले.

अग्नी मीच दिला. पाच अठ्ठावन्नला.

बरोबर सहाला दादा धावत आला. समोरच्या टॉवरच्या टाकीवर अजून ऊन होतं. त्याने एकदा टाकीकडे बघितलं, एकदा काकांकडे.

त्या दिवसापासून तो काकांशी बोललेला नाही. दिवाळीलासुद्धा गेला नाही.
काका बिचारे अजून विचारतात, "माझं काय चुकलं गं?"
आणि मी विषय बदलते. शाब्बास मी.

ज्यांना असल्या मुहूर्तांचं काडीचंही कौतुक नव्हतं, त्यांच्याच वाट्याला हे यावं.

आज बाबांचं घड्याळ घेऊन उत्तनला गेले होते. आभाळ स्वच्छ होतं. शेवटची कड सहा वाजून दोन मिनिटांनी बुडाली.

दादा, काकांना फोन कर. त्यांची काही चूक नव्हती. माझी होती.

बाबा, वहीत आजची नोंद केली आहे. तुमचंच बरोबर होतं.
पुढच्या रविवारीही जाईन.