पोटातला पट्टा आणि सोळा सोमवार

पडद्यावर माझंच पोट दिसत होतं. खडूच्या पाण्यासारखं एक पांढरं औषध मला प्यायला दिलं होतं आणि ते गळ्यातून उतरून छातीखाली येऊन थांबलं होतं. पुढे जाईचना. या तपासणीला बेरियम स्वॅलो म्हणतात. एक्स-रेत दिसणारं औषध आपण गिळायचं आणि ते कुठे अडतं ते डॉक्टरांनी बघायचं. माझं काहीतरी अडलंय हे मला दोन दिवस कळतच होतं, घोटभर पाणीसुद्धा परत येत होतं.

"बँड सरकलाय," पनवेलच्या त्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालचं पोट त्यातून वर चढलंय. याला बँड स्लिपेज म्हणतात. काढावा लागेल. बाहेर कोण आहे तुमच्याबरोबर?"

"मिस्टर गाडीवाल्याचे पैसे द्यायला गेलेत. बाकावर सासूबाई आहेत."

"त्यांना बोलावते आत."

"नको," मी म्हणाले. "त्यांना बँडचं माहीत नाही."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही कशानं बारीक झालात असं वाटतंय त्यांना?"

"सोळा सोमवारांनी."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दाराच्या काचेतून मला आई, म्हणजे सासूबाई, दिसत होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत देवळातली विभूती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सकडे त्या बघत होत्या.

मी शिक्षिका आहे. नाते गावात चौथीचा वर्ग घेते आणि बिरवाडीत भाड्यानं राहते, कारण मिस्टर तिथल्या कारखान्यात आहेत. सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. एसटी सोडते तिथून पाऊण तासाचा चढ. एकशेचार किलो वजन घेऊन तो चढ चढताना मी चार ठिकाणी बसायची. माझ्या सासूबाई, वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्यावर माझीच बॅग घेऊन पुढे जायच्या आणि वरून हाक मारायच्या, "ये गो हळूहळू, घाय नाय!" त्यात टोमणा नव्हता. पण मला ते टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

सगळे उपाय करून झाले होते. गरम पाणी, मध, लिंबू. एसटी बदलायला महाडला उतरले की चवदार तळ्याभोवती फेऱ्या. चार किलो उतरायचे, पाच चढायचे. मग मुंबईच्या एका डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बँडबद्दल सांगितलं. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा आवळून बसवतात. वर वाटीएवढीही नाही अशी छोटी पिशवी तयार होते. चार घास गेले की ती भरते आणि पोट भरल्यासारखं वाटतं. पट्ट्यातून एक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या डबीत संपते. तिला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुई खुपसून सलाईनचं पाणी भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. कापायचं काही नाही, नको वाटलं तर काढून टाकता येतो. मला तेवढंच ऐकू आलं. आयुष्यभर तपासण्या, नीट चावून खाणं, कुठली लक्षणं दिसली की लगेच यायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं होतं. छापील कागदही दिला होता. चौथीच्या मुलांना मी 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून रोज ओरडते, आणि मी तो कागद अर्धाच वाचला.

मेच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. घरी सांगितलं, बहिणीकडे डोंबिवलीला जाते. फक्त मिस्टरांना माहीत होतं. लपवलं का? लाज वाटली, दुसरं काय. जी बाई दोन घास कमी खाऊ शकत नाही तिला पोटाला दावं बांधून घ्यावं लागलं, असं वाडीतल्या बायका पाणवठ्यावर बोलणार, हे मला दिसत होतं.

भातलावणी उरकली तशा आई गुडघा दाखवायला बिरवाडीला आल्या आणि राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तांदळाची भाकरी केली. नव्या पट्ट्याला भाकरी म्हणजे काळ. मी ताकाचे चार घोट घेतले आणि ताट सारलं.

"का गो? उपास हाय काय?"

श्रावण नुकता लागला होता. वार सोमवारच. उत्तर तयार होऊन माझ्या पुढ्यात आलं आणि मी ते उचललं. "हो आई. सोळा सोमवार धरलेत. बाकीच्या दिवशीही थोडकंच खायचं, असं बोललेय देवाला."

आमच्याकडे आग्रहापुढे कुणाचं चालत नाही. पोट दुखतंय म्हणा, तरी "एवढीच खा" म्हणून वाढतात. पण देवाला बोललं म्हटलं की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो. आणि नवस कशासाठी हेही कुणी विचारत नाही. आई एवढंच म्हणाल्या, "सांगू नको. नवस सांगायचा नसतो." पुढच्या सोमवारी बघते तर त्यांनी स्वतःही चहा घेतला नाही. मी रागावलेच. "तुम्ही कशाला, या वयात?" तर म्हणाल्या, "तू एकली उपाशी, आन् मी जेवू?"

खोटं एकदा बोललं की ते पोरासारखं वाढतं, त्याचं सगळं करत बसावं लागतं. मी बेलाची पानं आणायला लागले. कहाणी वाचायला लागले. आणि न्हाणीत नळ मोठा सोडून उलट्या करायला लागले. घास नीट चावला नाही की तो वर अडकायचा, तोंडात चिकट फेस यायचा आणि तो सगळा ओकून टाकेपर्यंत जिवाला चैन नसायचं. शाळेत डबा खाताना घड्याळ बघायचं, दाराकडे बघायचं, जवळचं स्वच्छतागृह मोकळं आहे का बघायचं. एका जागी बसवतच नसे मला. मुलं म्हणायची, बाई, तुम्ही वर्गात फिरतच असता.

गणपतीत वाडीवर गेले तेव्हा सोळा किलो उतरले होते. चढावर दोनदाच बसले. बायकांनी मला उभी करून, वळवून बघितलं. आई सांगत होत्या, "शंकराची किरपा." मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

माझी धाकटी जाऊ नंदा वाडीवरच असते. तीही अंगानं भरलेली, त्यात साखरेचा आजार, रोज दोन गोळ्या. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरंच सोमवारांनीच गो?" तिचा हात माझ्या हातात होता. मी हो म्हणाले. एवढंच लिहायला मला तीन दिवस लागलेत.

दिवाळीनंतर वजन अडकलं. मी मुंबईला जाऊन हट्टानं पट्ट्यात आणखी पाणी भरून घेतलं. "उलट्या होतात का?" असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी भरलं नसतं.

कार्तिक संपता संपता सतरावा सोमवार आला. वाडीच्या शंकराच्या देवळात उद्यापन. गव्हाची कणीक भाजून, तूप-गूळ घालून केलेला चुरमा. त्याचे तीन भाग होतात, एक देवाला, एक वाटायला आणि एक व्रत करणारीनं खायचा. टाळता येत नाही. अख्खी वाडी बघत होती आणि आईंनी प्रेमानं हाताला येईल तेवढा माझ्या ताटात घातला. मी तीन घास खाल्ले. तिसरा उतरला नाही.

संध्याकाळपर्यंत पाणीही परत यायला लागलं. डाव्या खांद्यात कळ. दुसऱ्या दिवशी मला खाली पोलादपूरला एका डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी विचारलं, "आधी पोटाचं काही ऑपरेशन?" उशाशी आई उभ्या होत्या. मी नाही म्हणाले. सलाईन लागलं, इंजेक्शन झालं, गुण नाही. आजारपणातली माझी सगळ्यात मोठी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर पट्टा बसवणं नाही, ते 'नाही' सांगेन. बुधवारी मिस्टरांनी मुकाट्यानं गाडी केली आणि पनवेल गाठलं.

डॉक्टरबाईंनी पोर्टमध्ये सुई घालून पट्ट्यातलं सगळं पाणी काढलं. दहा मिनिटांत मी घोटभर पाणी प्यायले आणि ते खाली गेलं. पाणी खाली जातं यात केवढं सुख आहे! "सूज उतरू दे, शुक्रवारी दुर्बिणीतून काढू," त्या म्हणाल्या. "आणि घरी सांगा. हे लपवून ठेवायचं ऑपरेशन नाही."

मिस्टर म्हणाले, "नको. आई मोडून पडेल. अल्सर होता म्हणून सांगू." मी तेही मान्य केलं असतं. किती सोपं होतं.

गुरुवारी सकाळी दिराचा फोन आला. नंदा अंगणात चक्कर येऊन पडली, तिला महाडला नेलंय, साखर चारशेच्या वर गेलीय. गणपतीनंतर तिनंही सोमवार धरले होते, हे मला माहीत होतं. गोळी घेतली की उपास मोडतो म्हणून आधी सोमवारची गोळी सोडली, आणि ताई नुसत्या देवाच्या भरवशावर उतरली म्हणून मग रोजचीच सोडली, हे मला माहीत नव्हतं. उपासाला वर साबुदाणा आणि रताळी.

आईंनी फोन ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसल्या. "परवाच्या सोमवारी नववा झाला तिचा," त्या म्हणाल्या. "पूजेत कायतरी चुकलं असंल तिच्याकडनं."

मला तिथे पडवेना. मी उठून बसले. हाताला सलाईन होतं म्हणून, नाहीतर चालायलाच लागले असते. मी आईंचा हात धरला, पदर बाजूला केला आणि त्यांची बोटं माझ्या पोटावर पोर्टवर ठेवली. कातडीखालची ती टणक डबी त्यांनी चाचपली.

"गाठ हाय?" त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गाठ नाही आई. पट्टा आहे. मे महिन्यात बसवून घेतला. मी कधीच नवस बोलले नव्हते. नंदाचं काहीही चुकलेलं नाही. चुकलं माझं."

सगळं सांगितलं. चुरम्याचं, पोलादपूरच्या डॉक्टरांचं, नंदाला म्हटलेल्या 'हो'चं. मी रडत होते, त्या रडल्या नाहीत. हात मात्र काढला नाही. मग मिस्टरांना म्हणाल्या, "नंदाला फोन लाव." आणि फोनवर, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, "नंदा, गोळी घे. डॉक्टर सांगतील ती समदी औषधं घे. तुझ्या जावेनं आपरेशान केलंय, सोमवारांनी नाय उतरली ती. घेतलीस? मी फोन ठेवत नाय, माझ्यासमोर घे."

शुक्रवारी पट्टा निघाला. पोटाला चार भोकं, पट्ट्याचा वळ उमटलेलं पण जिवंत असलेलं जठर. "दोन दिवस उशीर झाला असता तर पोटाचा तो भाग काळा पडला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे रक्त न मिळून मेला असता. नंदाही चार दिवसांनी घरी गेली. ती मला फोनवर एकच म्हणाली, "ताई, मला तरी सांगायचंस."

घरी सोडायच्या दिवशी मऊ भात चमच्यानं खाता खाता मी आईंना विचारलं, "तुम्ही माझ्याबरोबर एवढे सोमवार केलेत. तुमचं काय मागणं होतं?"

"नवस सांगायचा नसतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन आता उद्यापन झालं, सांगते. बिरवाडीत तू न्हाणीत नळ सोडून वकायचीस. रोज. मला काय ऐकू येत नव्हतं? वाटलं, पोरीला मोठं दुखणं हाय आन् लपवते. इचारावं तर तुझा नवस. म्हणून शंकराला बोलले, हिचं वकणं थांबव." माझ्या हातातली रिकामी वाटी त्यांनी घेतली. "थांबलं ना?"

"थांबलं."

ज्यांच्यापासून मी लपवत होते त्याच, भिंतीपलीकडे बसून, माझ्यासाठी उपाशी राहत होत्या.

आता वजन अठ्ठ्याण्णव आहे. चढावर पुन्हा चार ठिकाणी बसते. तुमच्यापैकी कुणी अशा ऑपरेशनचा विचार करत असाल तर मी 'करू नका' म्हणणार नाही. कित्येकांना वेगवेगळ्या ऑपरेशनांनी बरं वाटलंय, ते डॉक्टर ठरवतील. कागद पूर्ण वाचा. डॉक्टरांना उलट्या होतात तर होतात म्हणा. आणि ज्या घरात तुमचं ताट वाढलं जातं तिथे वाढणाऱ्या माणसाला सांगा. माझी तगमग पट्ट्यानं जेवढी वाढवली त्याहून जास्त त्या न सांगण्यानं वाढवली.

गेल्या महिन्यात वाडीवर गेले होते. नंदा गोळ्यांची पट्टी चुलीजवळच्या कोनाड्यात सगळ्यांना दिसेल अशी ठेवते. जेवायला बसलो. बारा वर्षांच्या संसारात आईंनी मला न विचारता वाढलंय. या वेळी भाकरी हातात धरून त्या थांबल्या.

"किती घालू गो?"

"अर्धी," मी म्हणाले.

त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी घातली.