काळजाभोवतीचा चुना

माझी धाकटी बहीण दरेकशाला दिली होती. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. दुसरं महायुद्ध संपायला आलं होतं, त्या हिवाळ्यात निरोप आला की तिला दिवस गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा सासू तिला पाण्याचा गुंडही उचलू देत नव्हती. पोट चांगलं पुढे आलं होतं. पण हातपाय काटक्यांसारखे, ओठ काळपट आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. मी गोंदियाच्या मालधक्क्यावर कारकून, मला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. तरी जीव धास्तावला.

सासू बाहेर गेल्यावर बहीण हळूच म्हणाली, "भाऊ, पोटात काईच हालत नाई गा."

"सासूले सांगितलं का?"

"कायले सांगू? थे किती खुश हाये, पाहून राहिला ना तू."

माहेरपणाचं निमित्त करून मी तिला गोंदियाला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट ठोकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बच्चा नहीं है. पानी भरा है." सुई घालून त्यांनी पिवळसर पाणी काढलं. पोट उतरलं, पण महिनाभरात पुन्हा तसंच झालं. आधी त्यांना यकृताचा आजार वाटत होता. मानेच्या शिरा पाहून मात्र ते म्हणाले, "नागपूर ले जाओ. दिल का एक्स-रे कराओ."

नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून मीच घेऊन गेलो. नागपूरच्या डॉक्टरांनी लहानपणीचं विचारलं. तेव्हा मला आठवलं, ती सात-आठ वर्षांची असताना ताप आणि खोकल्याने कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली होती. वाचली, म्हणून आईने नवस फेडला होता.

एक्स-रेच्या खोलीत अंधार होता. डॉक्टर आधी बराच वेळ लाल चष्मा लावून बसले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते म्हणाले. मग बहिणीला पडद्यामागे उभं केलं. हिरवट उजेडात तिच्या बरगड्या दिसू लागल्या आणि मधे काळीज.

"ठोके नीट दिसायला हवेत," डॉक्टर म्हणाले. "हे जेमतेम हलतंय." त्यांनी तिला कुशीवर वळवलं. काळजाच्या कडेने एक जाड रेघ गेली होती. नंतर काढलेल्या फोटोत तीच रेघ पांढरी उमटली.

"जुन्या क्षयाने काळजावरची पिशवी कडक झालीय. तिच्यात चुना साचलाय. काळजाला फुलायला जागाच नाही, म्हणून रक्त मागे तुंबतं आणि पोटात पाणी भरतं."

"उपाय?"

"विलायतेत छाती उघडून ती पिशवी सोलून काढतात. आपल्याकडे हे करणारा मला तरी माहीत नाही. पाणी काढत राहायचं."

परतीच्या गाडीत बहिणीने फोटो मागितला. खिडकीपाशी धरून पाहत राहिली.

"म्हंजे पोर नव्हतंच."

"नव्हतं."

तुमसर आल्यावर तिने फोटो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "घरी तूच सांगजो. माह्यानं होणार नाई."

मी सांगितलं. सासू म्हणाली, "फोटो चुकत असन." थोड्या वेळाने तिने सुनेच्या कमरेला पोरासाठी बांधलेला गंडा स्वतःच्या हाताने सोडला आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण पाण्याला गेली. तिला कोणी अडवलं नाही.

पुढे दोनदा पाणी काढलं. तिसऱ्यांदा तिनेच नको म्हटलं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, सगळं गाव बांधीत चिखलात उभं असताना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती गेली. जवळ नवरा होता. मी पोचलो तेव्हा लाकडं रचून झाली होती.

चिता पेटल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"भाऊ, थो काळजावरचा चुना जळते का?"

"मले माहीत नाई," मी म्हणालो.

राख सावडायच्या दिवशी तो छातीच्या जागेपाशी बसून काडीने उकरत राहिला. लोक नदीकडे निघाले तरी उठेना. शेवटी त्याची आई मागे फिरली, त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि म्हणाली, "चाल बापू. आता तिले त्रास देऊ नोको."